'तयार' नावाचं फोल्डर

विमलबाईंनी हयातीत बैलाच्या जखमेतल्या अळ्या हातानं वेचून काढल्या होत्या. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांची घाण काढली होती, दुष्काळात विहिरीत पडून फुगलेलं वासरू दोर लावून ओढलं होतं. तेव्हा त्यांना कधी शिसारी आली नाही. ती आली मुलाच्या कार्यालयात, एसीच्या गारव्यात, कॉम्प्युटरच्या चकचकीत पडद्यासमोर बसल्यावर.

मुलगा विजयसिंह. वडवणीच्या रस्त्याला लागून घर, आणि घराच्या पुढच्या अंगाला त्याचं जनसंपर्क कार्यालय. झेडपीचं तिकीट मिळवायचं एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं, त्यामुळे कार्यालयात दिवसभर माणसांची आणि चहाच्या कपांची वर्दळ असायची.

त्याचे वडील विठ्ठलराव होते तेव्हा त्या खोलीला बैठक म्हणत. दसरा-दिवाळी झाली की वस्त्यांवरची माणसं कोयते बांधून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघायची. मागे कुडाची घरं, कुलपं नावाला. मग निघण्याआधी जो तो आपले कागद विठ्ठलरावांकडे आणून ठेवायचा. सातबारा, रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले. विठ्ठलराव ते वस्तीवार, घरवार लावायचे आणि विमलबाई रुमालात बांधायच्या. रुमाल म्हणजे जुन्या लुगड्याचा चौकोनी तुकडा. निजामाच्या कचेरीत दप्तर तसंच बांधत, आणि सासऱ्यांनी तिथंच कारकुनी केलेली. प्रत्येक वस्तीचं लुगडं वेगळं. पाडव्याच्या सुमाराला माणसं परत आली की रुमाल सुटायचे आणि ज्याचा कागद त्याच्या हाती जायचा. उंदरानं एक कोपरा कुरतडला तरी विठ्ठलराव त्या माणसाची माफी मागायचे.

आता ते सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं. प्रविण नावाचा हुशार मुलगा तालुक्याहून यायचा आणि कागद मशिनीवर ठेवून आत घ्यायचा. विमलबाईंना त्यानं पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

"आईसाहेब, फोल्डर म्हंजी तुमचं गाठोडंच. गावाचं एक मोठं गाठोडं, त्यात वस्तीचं, त्यात घराचं. फक्त गाठ मारायची न्हाई."

"आन् उंदीर?"

"ह्यो बघा ना उंदीर, माझ्या मुठीतच हाय," म्हणून त्यानं माऊस हलवून दाखवला होता. विमलबाई हसल्या होत्या. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं होतं. गाव उघडलं की वस्त्या, वस्ती उघडली की घरं, घर उघडलं की माणसांचे कागद. आपले यजमान असते तर खुर्ची ओढून बसले असते, असं त्यांच्या मनात यायचं.

म्हणूनच विजयसिंहानं जुन्या फोटोंचं काम सांगितलं तेव्हा त्या आनंदानं तयार झाल्या. ट्रंकेत विठ्ठलरावांच्या वेळचे फोटो होते. सप्त्यातल्या पंगती, लग्नं, कपिलधारच्या यात्रेला निघालेली बैलगाडी. "आई, तुझ्याइतकी याद कुणालाच न्हाई. कोण कोण हाय ते प्रविणला सांग. समद्यांचं एका जागी लावून ठेवू," तो म्हणाला होता.

रोज दुपारी विमलबाई प्रविणशेजारी बसू लागल्या. फोटो पडद्यावर मोठा व्हायचा आणि त्या सांगायच्या. हा तलवाड्याचा आप्पाराव, ह्याला तालमीचा नाद. ही त्याची बहीण. आणि ही टोपली घेतलेली चंद्रभागा, हिला मी ओळखणार नाही तर कोण? आम्ही दोघी एकाच साली या गावात नांदायला आलो. मी वाड्यावर, ती वस्तीवर. माझ्या विजूला तिनंच पायावर घेऊन न्हाऊ घातलं.

"आता कशा हायेत त्या?" प्रविण विचारायचा.

"छातीत दुखतं म्हणती. पोरगं सून घेऊन उसाला गेलंय, एकटीच हाय बिचारी."

प्रविण मान हलवायचा, चेहऱ्याभोवती चौकट आखायचा आणि तो फोटो कुठल्याशा गाठोड्यात टाकायचा. त्याची ती आपुलकीची चौकशी विमलबाईंना फार बरी वाटायची.

एका दुपारी भलतंच फोल्डर उघडलं गेलं. प्रविणला हवं होतं 'सप्ता', त्याचं बोट पडलं शेजारी. पडद्यावर ओळीनं चेहरे आले, प्रत्येकाच्या डोक्यामागं सोनेरी वलय, खाली तेवती समई आणि वर काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं: भावपूर्ण श्रद्धांजली. उजव्या कोपऱ्यात हात जोडलेला विजयसिंह. त्याचा चेहरा मयताच्या चेहऱ्याहून मोठा.

विमलबाईंनी चष्मा नीट केला. पहिलाच चेहरा आप्पारावांचा. आप्पाराव त्या दिवशी सकाळीच ओट्यावर बसून चहात खारी बुडवून खाऊन गेले होते.

"हे काय रे? आप्पाराव कवा गेले?"

"न्हाई गेले, आईसाहेब. हे तयारमधलं हाय."

"कसलं तयार?"

प्रविणचे कान लाल झाले. श्रद्धांजलीच्या फोल्डरमध्ये दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'झाले', दुसऱ्याचं 'तयार'. 'तयार'मध्येही वेगळी लावालावी होती: वयस्कर, आजारी, दवाखान्यात. माणसाची तब्येत बदलली की प्रविण त्याला एकातून उचलून दुसऱ्यात टाकायचा. फक्त तारीख मोकळी सोडलेली. प्रत्येकाच्या खाली मजकूरही लिहिलेला: आपल्या जाण्याने परिसरात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.

'आजारी'मध्ये चंद्रभागाबाई होत्या. विमलबाईंनीच दाखवलेला चेहरा, टोपलीपासून कापून काढलेला. चंद्रभागा त्या फोटोत हसत होती, कारण फोटो काढणाऱ्याच्या मागं तिचं शेरडू त्याचा झोळा खात होतं. ते शेरडू, ती टोपली, ते ऊन सगळं गेलं होतं. उरलेल्या हसण्याखाली समई तेवत होती.

विमलबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. उलटीच्या आधी सुटतं तसं. त्या उठून मोरीवर गेल्या, चूळ भरली, पण ती चव जाईना.

विजयसिंह आला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"विजू, जित्त्या माणसांच्या पाट्या लिहून ठेवल्या व्हय रे तू?"

"आई, तू कावून तरास करून घेती? ऐन टायमाला लई धावपळ होती. फोटो मिळत न्हाई, नाव चुकतं, लोकं नाराज होतेत. तिकडं परमेश्वरचे पोरं अर्ध्या तासात ग्रुपवर टाकतेत. मागच्या बारीला आपल्याच वस्तीवरचा म्हातारा गेला आन् पहिली श्रद्धांजली परमेश्वरची पडली. माझी काय इज्जत राहिली?"

परमेश्वर म्हणजे त्याच तिकिटाच्या मागं लागलेला दुसरा गडी.

"तुझा बाप मयताच्या दारी जायचा तर चपला लांब काढायचा. तोंडातून शब्द काढायचा न्हाई, खाली मान घालून बसायचा. म्या आन् चंद्रभागा कडू घासाच्या भाकरी थापायचो. कुनी फोटो काढला न्हाई त्याचा. तरी मानसं अजून नाव काढत्यात."

"तवाचे दिस वेगळे व्हते, आई."

"माझं बी केलंस का?"

विजयसिंह खिशातला मोबाईल काढून बघायला लागला. उत्तर प्रविणनं दिलं, कारण खोटं बोलायचं त्याला सुचलं नसावं. "तुमचं येगळं फोल्डर हाय, आईसाहेब. तुमचे मोठे बोर्ड लागणार हायेत ना, चौकाचौकात. त्याची साईज येगळी."

"गप बे!" विजयसिंह खेकसला.

स्वतःचं ऐकून विमलबाईंना काहीच झालं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढून टोपलीपासून तोडलेली चंद्रभागा हलत नव्हती. "तिचं काढ," त्या म्हणाल्या. "समद्यांचं काढ, पर तिचं आधी. आत्ताच्या आत्ता."

"काढतो. प्रविण, काढून टाक रे," विजयसिंह म्हणाला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. प्रविणनं माऊस हलवला. पडद्यावरून चंद्रभागा गेली. विमलबाईंनी विश्वास ठेवला. त्यांच्या काळात कागद फाडला म्हणजे फाडला.

आठवडाही झाला नसेल, चंद्रभागाबाईंना सकाळीच छातीत कळ आली. शेजारची मनिषा त्यांना जीपमध्ये घालून बीडला दवाखान्यात घेऊन गेली. निघताना तिनं विमलबाईंना निरोप दिला. विमलबाईंनी तिच्या हातात स्वतःचं स्वेटर दिलं आणि संध्याकाळी येते म्हणाल्या.

दुपारी त्या जेवायला बसल्या होत्या. सून रोहिणी भाकरी वाढता वाढता मोबाईलकडं बघत थांबली.

"आत्या... चंद्रभागामावशी गेल्या."

विमलबाईंनी ताट बाजूला सारलं. हातातला घास तसाच राहिला. मग त्यांनी असा हंबरडा फोडला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. रोहिणीनं त्यांना धरलं, तीही रडायला लागली. जरा वेळानं विमलबाईंनीच डोळे पुसले. तिच्या अंगावर धडसं लुगडं घालायला पाहिजे, तिचं अंग निवायच्या आत पोचलं पाहिजे, तिच्या पोराला, गहिनीनाथला कोण कळवणार? त्यांनी रोहिणीला मनिषाला फोन लावायला सांगितलं.

मनिषा पलीकडून म्हणाली, "आक्का, मावशीला बरं हाय आता. च्या पेल्या, बिस्कीट खाल्लं. नळी काढा म्हणून नर्सबाईसंगं भांडायल्यात."

विमलबाईंनी फोन कानापासून काढून रोहिणीच्या हाती दिला. रोहिणीनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. सोनेरी वलय, समई, काळी पट्टी. मोकळ्या जागी आजची तारीख भरलेली. कोपऱ्यात हात जोडलेला त्यांचा मुलगा.

त्या तशाच खरकट्या हातानं कार्यालयात गेल्या. आत चारदोन माणसं बसली होती.

"ती जित्ती हाय!"

"कळलं आत्ता," विजयसिंह हळूच म्हणाला. "आई, डोळे नको वटारू. जीपचा ड्रायव्हर म्हणला, लई शिरेस हाय, पोचती का न्हाई. म्या म्हणलं, परमेश्वरच्या आधी आपलं पडलं पाहिजे."

"मंग काढ की आता!"

"लगीच काढलं तर लोकं दात काढतेत. तीनशेच्या वर मानसांनी हात जोडलेत तिथं. संध्याकाळपर्यंत ऱ्हाऊ दे. आन् डॉक्टर बी म्हणतेत, काय भरवसा न्हाई..."

म्हणजे ती मेली तर बरं. शब्दांत तो तसं म्हणाला नाही, पण खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू आलं. बसलेल्यांपैकी एकानं कप खाली ठेवला. विमलबाईंनी मुलाच्या तोंडाकडं पाहिलं. दूध पाजलेलं तोंड. अंगावर पाल पडावी तसा त्यांच्या अंगावर काटा आला.

"तिचं पोरगं हे बघंल रं," त्या म्हणाल्या. "त्याच्या मोबाईलात हे गेलं तर त्याचं काय व्हईल? त्याला एकच माय हाय. काढ, न्हाईतर मी ह्या रस्त्यावर बसते आन् येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते."

विजयसिंहानं प्रविणला खूण केली. श्रद्धांजली निघाली. पण ती तोवर कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेली होती, ती कोण काढणार? गहिनीनाथचा फोन रोहिणीनं दुपारभर लावला. तो कर्नाटकच्या हद्दीत उसाच्या फडावर होता. फोन बंद. टोळीच्या मुकादमाचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "त्यो तर दुपारीच निघाला की! बायकोला, लेकरांला इथंच ठिवून पळालाय. आमी समद्यांनी बघितला तो फोटो. भैय्यासाहेबांनी टाकलंय म्हणल्यावर खोटं कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई दवाखान्यात चंद्रभागाबाईंच्या कॉटपाशी बसल्या होत्या. चंद्रभागाबाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला पण जीभ शाबूत. श्रद्धांजलीचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. गहिनीनाथ आला की दारातच गाठायचा आणि समजवायचं, असं विमलबाईंनी ठरवलं होतं. मनिषाला त्यांनी त्यासाठी खाली फाटकापाशीच उभं केलं होतं.

पण मनिषा शोधत होती केसाळ डोक्याचा, दाढीवाला गहिनीनाथ. तिच्या समोरून गेला तो तिला ओळखू आला नाही.

वॉर्डाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोकं, मिशी, सगळं भादरलेलं, कातडी पांढरीफटक, कानामागं वस्तऱ्यानं कापल्याची लाल रेघ. अंगावर फडातला काळा पडलेला सदरा. तो एकेका कॉटकडं बघत होता.

चंद्रभागाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्या चुकचुकल्या. "विमलबाई, बघा की गरीब. कोन गेलं म्हणावं त्याचं?"

माणसानं आवाज ऐकला. तो वळला. तो तिथंच मटकन् खाली बसला.

"माय..."

आवाजावरून ओळख पटली. चंद्रभागाबाईंनी पोराच्या डोक्याकडं पाहिलं, मग विमलबाईंकडं, मग पुन्हा डोक्याकडं. विमलबाईंना खाली बघावं लागलं.

गहिनीनाथ रांगत येऊन कॉटपाशी बसला. "रातभर टरकात उभा होतो गं. म्हणलं, गावात पोचंस्तोवर तुला नेलं आसंल सरणाव. तिथं वेळ मिळायचा न्हाई म्हणून नाक्यावर उतरल्या उतरल्या न्हाव्याला बसलो. डोकं झाल्यावर म्हणलं, आधी दवाखान्यात बघावं, मयत अजून हितंच आसंल तर..."

आई जिवंत असताना मुलानं डोकं भादरायचं नसतं, हे त्या वॉर्डातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. समोरच्या कॉटवरच्या बाईनं पदर तोंडावर घेतला. चंद्रभागाबाईंनी हात लांब केला, त्या डोक्याला लावायला गेल्या आणि मधेच मागं घेतला. मग उशीवरचा टॉवेल ओढून त्याच्या डोक्यावर गुंडाळला.

"झाक बाबा. झाक आधी. मला माझंच मढं दिसायलंय."

विमलबाईंनी मग कॉम्प्युटरमधल्या 'तयार'पासून कालच्या श्रद्धांजलीपर्यंत सगळं दोघांना सांगितलं, आणि ते संपतं न संपतं तोच विजयसिंह आला. मागं सफरचंदांची पिशवी आणि मोबाईल घेतलेला प्रविण. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला गहिनीनाथ दिसला तसा तो क्षणभर थबकला. पण पुढाऱ्याला सावरायला फार वेळ लागत नाही.

"अरे गहिन्या, आलास का? बरं झालं. चंद्रभागामावशी, आता ठणठणीत हां! गैरसमज झालता थोडा." मग हळूच, "गहिन्या, तेवढा टॉवेल काढून ही टोपी घाल. प्रविण, मावशीच्या हातात सफरचंद दे. प्रकृतीची विचारपूस म्हणून एक घेऊ. म्हणजी कालचं बी पुसून जाईल."

आपल्या खिशातली पांढरी टोपी त्यानं गहिनीनाथपुढं धरली. विमलबाईंच्या तोंडाला पुन्हा तेच पाणी सुटलं. त्या उठल्या आणि प्रविणच्या मोबाईलसमोर उभ्या राहिल्या, पदर पसरून, कोंबडी पिलांवर पसरते तशा.

"भाईर हो, विजू."

"आई, चारचौघांत..."

"थांबा, विमलबाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक होता पण वॉर्ड ऐकत होता. "म्या न्हाऊ घातलंय त्याला. मलाच इचारू द्या. भैय्या, तुझ्या त्या मिशनीत म्या आता कुठं हाय? जित्त्यात का मेल्यात?"

"मावशी, तुमी जित्त्यातच की! काय बोलताय?"

चंद्रभागाबाईंनी मान वळवली. "तू सांग रं पोरा."

प्रविणनं मालकाकडं पाहिलं, मग गहिनीनाथच्या डोक्यावरच्या टॉवेलाकडं. "'तयार'मधी," तो म्हणाला. "भैय्यासाहेब म्हणले, तारीख तेवढी पुसून परत जाग्यावर ठेव."

गहिनीनाथनं सफरचंदांची पिशवी उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली, मेलेलं काही बाहेर टाकतात तशी. मग तो परत येऊन आईच्या पायाशी बसला. विजयसिंह टोपी खिशात घालून निघून गेला. विमलबाई त्याच्याबरोबर गाडीत गेल्या नाहीत. चंद्रभागाबाईंना सोडेपर्यंत त्या तिथंच राहिल्या आणि पुढं एसटीनं परत आल्या.

घरी आल्यावर विजयसिंह त्यांच्याशी गोड बोलला. झालं गेलं सोडून दे म्हणाला. तिकिटाची बातमी लवकरच येणार होती आणि ट्रंकेतले फोटो अजून निम्मेही झाले नव्हते. माणसं होती, नावं नव्हती. नाव नसलेल्या चेहऱ्याचा काय उपयोग?

दुपारी विमलबाई प्रविणशेजारी जाऊन बसल्या. विजयसिंह समोरच्या खुर्चीत होता. पडद्यावर लग्नाची पंगत आली.

"हे कोण, आईसाहेब? पगडीवाले?"

तो रामप्रसाद, कापसाचा व्यापारी. त्यानं दुष्काळात वस्तीला ज्वारी दिली होती आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

"न्हाई ओळखत," विमलबाई म्हणाल्या.

"आन् ही बाई?"

त्याची धाकटी भावजय. ओवी म्हणायला लागली की जातं थांबवून बायका ऐकायच्या.

"न्हाई आठवत."

फोटोमागून फोटो आले. विमलबाईंना एकेकाचं गाव, घराणं, चालण्याची ढब, कुणाला पाण्याची भीती आणि कुणाला भुताची, सगळं आठवत होतं. जिवंत होते तेही, गेलेले तेही. इतकं स्पष्ट त्यांना कधी आठवलं नव्हतं. आणि प्रत्येकाला त्या ओठाच्या आत धरून ठेवत होत्या.

विजयसिंह अस्वस्थ झाला. "आई, काल-परवापर्यंत तर समदी याद होती तुला!"

"वय झालं बाबा."

पुढचा फोटो विहिरीवरचा होता. दोन तरण्या बायका हंडे घासत होत्या. एक विमलबाईच. दुसरीनं हसताना तोंडावर हात घेतला होता, पण डोळे लपले नव्हते. आठवडाभरापूर्वी दवाखान्यातल्या कॉटवरून प्रविणला थेट प्रश्न विचारणारे तेच डोळे.

"आईसाहेब, ह्या तर..." प्रविण म्हणाला आणि थांबला.

विमलबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "कोण हाय, काय म्हायती."

"कोण हाय रे?" विजयसिंह खुर्चीतून वाकला.

प्रविणनं नवीन फोल्डर उघडलं. त्याला 'अनोळखी' असं नाव दिलं आणि फोटो त्यात टाकला.

"आईसाहेबांना ठाऊक न्हाई," तो म्हणाला, "तर मला कुठून ठाऊक असणार, भैय्यासाहेब?"